सव्वादोन इंच

धाकट्याच्या घरी वर्तकनगरला गेलो होतो. सुतार खिडकी मोजत होता, “साडेतीन फूट, दोन सूत कमी.” त्याचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. घराच्या करारात मात्र सगळे चौरस मीटर. तो कागद वाचता वाचता मला आमची वाटणी आठवली.

इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नवी जमीनमोजणी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे त्यातले साहेब. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची. रुपयासारखे तिचेही सोळा आणे, एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

१९५६ च्या कायद्यानं मीटर आणला, १९५८ पासून नवी मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. मधेच १९५७ ला रुपयाचे नवे पैसे झाले. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, हे आम्ही शाळेत घोकलं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तो आर. आणि ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. फरक सव्वादोन इंचांहून थोडा जास्त. एवढ्याला कोण विचारतो? गावानं आर म्हणजेच गुंठा धरला.

आम्हीही धरला. दादाला एकराचा तुकडा द्यायचं ठरलं, उरलेलं माझं. कागदावर ४० आर मीच लिहवून घेतले.

त्या दिवशी धाकट्याला म्हटलं, जरा मांड बघू. एकर म्हणजे ४० आर नव्हे, ४०.४७. वरचे ०.४७ आर, म्हणजे ५०४ चौरस फूट. तो गप्प झाला. त्याचं घर ४८० चौरस फुटांचं, अन् त्यासाठी वीस वर्षांचं कर्ज.

गावी जाऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे रे, इंचाइंचानं काय भावकी मोजायची?” मी म्हटलं, “दादा, इंचाइंचानंच तुझं माझ्याकडं आलंय.”

उन्हाळ्यात बांध सरकवला. लांबीला तो साडेतीनशे फुटांच्या आत-बाहेर. किती सरकवायचा, याचा हिशेब धाकट्यानं करून दिला होता, सेंटिमीटरमध्ये. दादानं टेप बाजूला ठेवला आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात जमिनीवर टेकवला. बरोबर एक हात भरला.