कापसाचा मुलूख आणि रॉकचे गाणे

"आबाजी, तुमच्या वेळेले यवतमाळात रॉक होतं का जी?"

गेल्या पोळ्याच्या सुट्टीत माझ्या नातवाने हा प्रश्न मला विचारला. तो पुण्यास इंजिनिअरिंग शिकतो, गिटार बऱ्यापैकी वाजवतो, आणि आपल्या वर्गातली सारी पोरे रॅपच्या नादी लागली, रॉक कोणी ऐकतच नाही, याचे त्याला मनापासून वाईट वाटते. वयाच्या विसाव्या वर्षीच 'पूर्वीचे दिवस राहिले नाहीत' म्हणण्याची पाळी आलेला हा म्हातारा पाहून मला आधी हसू आले. पण उत्तर द्यायला गेलो आणि अडखळलो. होते म्हणावे तर इलेक्ट्रिक गिटार नावाची वस्तू मी तरुणपणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. नव्हते म्हणावे तर त्या ठेक्यावर नाचलेली लग्नाची वरात मला स्वच्छ आठवते. शिवाय रॉक जेथून उगवले ती जमीन आणि आमची जमीन यांचे एक जुने नाते आहे. ते त्याला सांगता सांगता बोलणे बरेच लांबले, तेच येथे मांडतो.

आरंभ १९५६ सालापासून करावा. त्या वर्षी अमेरिकेत एल्विस प्रेस्ली या एकवीस वर्षांच्या मोटारचालकी केलेल्या पोराच्या तबकड्या घरोघर वाजू लागल्या. बिल हेलीच्या 'रॉक अराउंड द क्लॉक' गाण्याच्याच नावाचा चित्रपट लागला, आणि इंग्लंडातली पोरे थिएटरात खुर्च्यांमधल्या वाटेवर नाचू लागल्यामुळे तेथील वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले. आमच्याकडे ते वर्ष निराळ्याच कारणांनी गाजले. १४ ऑक्टोबरला नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. यवतमाळ जिल्ह्यातून माणसे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी गेली. १ नोव्हेंबरला विदर्भ मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. एवढ्या घालमेलीत अमेरिकेतल्या पोरांच्या नाचाची वार्ता आमच्या कानी कोठून यावी?

कानी यायला वाट हवी, आणि वाट एकच होती, ती रेडिओची. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले होते. परंतु १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर (माणूस मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचा निस्सीम भक्त) यांना चित्रपटसंगीत म्हणजे तरुणांच्या अभिरुचीला लागलेली कीड वाटे. त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांच्या हेतूविषयी मला शंका नाही. अनेक थोर गवयांना त्यांनी रेडिओचा आश्रय दिला, हेही विसरू नये. पण तरुणांनी काय ऐकावे हे दिल्लीत बसून ठरवता येते, हा त्यांचा समज मात्र फार थोड्या दिवसांत खोटा ठरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता हिंदुस्थानचे कान कोलंबोकडे वळले. आमच्या गावातल्या एका चहाच्या हॉटेलात मालकाने रेडिओ उंच फळीवर ठेवला होता. बुधवारी तेथे बाकावर जागा मिळत नसे. एक कप चहा चौघांत घेऊन तास काढणाऱ्या पोरांवर तो बिचारा खेकसत असे, पण रेडिओ बंद करीत नसे. लघुलहरींवरचा आवाज समुद्राच्या लाटेसारखा वर येई, खाली जाई. गाणे ऐन रंगात आले की नेमका बुडे. शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला सरकारनेच विविध भारती काढली, आणि ज्या गाण्यांना दारातून हाकलले त्यांना खिडकीतून आत घेतले.

याच १९५७ साली 'आशा' चित्रपटातून 'ईना मीना डीका' आले. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. रॉक एन् रोल यवतमाळात आले ते हे असे: हिंदी शब्दांत, किशोरकुमारच्या गळ्यातून, एका मराठी माणसाच्या हातून. खरे तर चितळकरांनी हा उद्योग पूर्वीच आरंभला होता. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांनी विलायती ठेका आणि देशी चाल यांची अशी मोट बांधली होती की भगवानदादांच्या त्या हलक्या, जागच्या जागी झुलणाऱ्या नाचाबरोबर सारे थिएटर झुलू लागे. भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांचा नाच कोणालाही जमेल असा होता, त्यातच त्याचे यश. आणि चितळकरांच्या मागे उभे होते गोव्याचे वादक. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट (खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ) हे त्यांतले प्रसिद्ध नाव. ही मंडळी रात्री मुंबईच्या हॉटेलांतून साहेबलोकांसाठी जॅझ वाजवीत आणि दिवसा स्टुडिओत आमच्यासाठी. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली. अमेरिकेतल्या निग्रो वादकांची धून मडगाव-मुंबईमार्गे मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद रुळांवरील शकुंतला गाडीपर्यंत आणून सोडणारे हमाल हेच. पुढे १९६३ साली चितळकरांनीच 'ऐ मेरे वतन के लोगों' दिले, तेव्हा ज्यांनी 'ईना मीना'वर नाके मुरडली होती त्यांनीही डोळे पुसले. पुढे १९७३ साली यवतमाळास साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. चित्रपटासाठी गाणी लिहिणारा माणूस सारस्वतांच्या खुर्चीवर बसला आणि आम्हा यवतमाळकरांना त्यात काही वावगे वाटले नाही. एकवीस वर्षांत केवढा हा फरक!

असो. आता त्या जुन्या नात्याकडे येतो.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ साली मिळाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतला कापूस बंदरात अडकला, आणि मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून ओरडू लागल्या. मग साऱ्यांच्या नजरा वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळल्या. भाव चढले, ज्वारीच्या वावरात कापूस शिरला, आगगाडी आली, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजारही कोसळला. कापूस मात्र आमच्या मातीत राहिला तो राहिलाच. त्याच युद्धाने अमेरिकेतले गुलाम मुक्त झाले. ही बातमी पुण्यात एका माणसाला इतकी मोलाची वाटली की, १८७३ साली महात्मा फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली.

मुक्त झालेले ते लोक तरी गेले कोठे? बहुतेक त्याच कापसाच्या वावरात, बटईने. वर्षअखेर हिशेब मालकाच्या वहीत, आणि त्या वहीत कुळाच्या नावे नेहमीच बाकी. हे वर्णन वाचून यवतमाळच्या शेतकऱ्याला परके वाटण्याचे कारण नाही. त्या वावरातल्या हाळ्यांतून, देवळातल्या भजनांतून मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लूज नावाचे गाणे घडले. १९४१ साली अॅलन लोमॅक्स हा लोकगीतांचा संग्राहक सरकारी ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तेथे गेला आणि स्टोव्हॉलच्या मळ्यावरच्या एका मजुराचे गाणे त्याने टिपले. मजुराचे नाव मडी वॉटर्स. दोन वर्षांनी हा मजूर मळा सोडून शिकागोस गेला. तेथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. या विजेच्या ब्लूजमधून रॉक निघाले. रोलिंग स्टोन्स या इंग्रज पोरांनी आपल्या टोळीचे नावसुद्धा त्याच्याच गाण्यावरून घेतले. प्रेस्लीची पहिली तबकडीही मिसिसिपीच्याच आर्थर क्रुडप या काळ्या गायकाच्या गाण्याची. क्रुडपला त्याचा मोबदला मात्र धड मिळाला नाही.

मग माझ्या मनात नेहमी येणारा प्रश्न असा: कापूस तेथेही, कापूस येथेही, कर्ज तेथेही, कर्ज येथेही. गाणेही आमच्याकडे कमी नव्हते. पहिल्या वेचणीला सीतादही करून बाया वावरात उतरत तेव्हा गाणी होत. होळीला तांड्यावर बंजाऱ्यांच्या लेंगी घुमत. मग त्यांचे गाणे जगभर गेले आणि आमचे बांधावरच का राहिले?

एक कारण उघड आहे. मिसिसिपीचा मजूर शहरात गेला तेव्हा त्याच्याच जातभाईंच्या खिशात तबकडी विकत घेण्यापुरता पैसा आला होता, आणि तो ओळखून काळ्यांसाठी तबकड्या काढणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. १९४४ साली क्लार्क्सडेलजवळ यंत्राने कापूस वेचून दाखवण्यात आला; वावरात हातांचे काम उरणार नाही हे त्या दिवशी ठरले, आणि माणसांचे लोंढे उत्तरेकडे वाढत गेले. आमच्याकडे वेचणी आजही हातानेच होते. बाया वावरातच राहिल्या, आणि त्यांच्या गाण्याला ग्राहक नव्हता. ज्याला ग्राहक होता ते लावणीचे, भक्तीचे आणि चित्रपटाचे गाणे मुंबईहून तयार होऊन येई.

पण 'राहिले' म्हणणेही पुरते खरे नाही. विदर्भातल्या तरुणांना झिंगवणारा ठेका प्रेस्लीच्या आधीच येथे होता, आणि तो तुकडोजी महाराजांच्या खंजिरीत होता. ज्यांनी ते ऐकले त्यांना विचारा. एका हाताच्या बोटांतून तो माणूस असा वेग काढी की हजारो लोकांची सभा श्वास रोखून बसे. १९४२ साली इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात घातले ते काही भजनात देवाचे नाव होते म्हणून नव्हे. गावोगावची गुरुदेव सेवा मंडळे आणि त्यांतली खंजिरी वाजवणारी पोरे, ही आमची खरी तरुणांची वाद्यमंडळे.

दुसरे गाणे भीमगीतांचे. १९५६ नंतर ते वस्त्यावस्त्यांतून उसळले. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचली, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमपांच्या गळ्यांनी ती पसरली. पुढे कॅसेट स्वस्त झाली तेव्हा १४ एप्रिलला यवतमाळच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक वाद्ये लावून, ढोल-ड्रमवर तरुण पोरे ती गात निघू लागली. अपमान गिळून न टाकता तो ताल धरून, मान ताठ करून, चारचौघांत मोठ्याने म्हणायचा, हे जर रॉकचे मर्म असेल (मला तरी ते तसे वाटते) तर रॉक यवतमाळात होते. त्याला कोणी त्या नावाने हाक मारली नाही इतकेच. १९७२ साली मुंबईच्या तरुण कवींनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव घेतले, ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. मँचेस्टरच्या गरजेने जोडलेली दोन वावरे त्या दिवशी आपणहून एकमेकांशी बोलली.

नंतरची कथा झरझर सांगण्याजोगी आहे. १९६५ च्या 'गुमनाम'मधला तो मुखवट्यांचा नाच, १९७१ चा 'हरे राम हरे कृष्ण', १९८० ला 'कुर्बानी'त नाझिया हसन, १९८२ ला 'डिस्को डान्सर', आणि पांढरी पँट घातलेली गल्लीगल्लीतली पोरे. मुंबईत रॉक मशीनसारखी मंडळी इंग्रजीत रॉक गात होती, १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉकचा मेळा भरू लागला. पण ते सारे इंग्रजी शाळांतल्या मुलांचे जग. १९९६ च्या १ नोव्हेंबरला मायकेल जॅक्सन अंधेरीस येऊन नाचून गेला, त्याचे फोटो आमच्या सलूनांतून पुष्कळ वर्षे होते.

आणि ज्या गाण्यासाठी माझा नातू हळहळतो ते आपल्या मायदेशीच उतरणीला लागले आहे. २०१७ साली अमेरिकेत रॅप आणि त्याच्या जातीच्या संगीताने खपात रॉकला मागे टाकले. २०१८ साली गिब्सन या गिटारींच्या नामांकित कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्याकडे २०१६ ला 'सैराट'च्या 'झिंगाट'ने कोणालाही बसू दिले नाही. त्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडचा वाद्यवृंद वापरला, म्हणजे चितळकरांनी आणलेला माल आम्ही व्याजासह परत नेला म्हणायचा! २०२४ साली 'तांबडी चामडी'ने विलायती यंत्राच्या ठेक्यावर मराठी शब्द जगभर फिरवले. वरातीतले धुमाल आणि डीजे यांविषयी मी फारसे लिहीत नाही. माझ्या छातीचे ठोके मला मोजता येईनासे होतात, ही तक्रार वयाची असेल. तथापि केसकरांची आठवण त्या वेळी हटकून होते, आणि आपणही त्याच खुर्चीत बसत चाललो की काय, अशी भीती वाटते.

हे सारे ऐकून झाल्यावर नातवाने मोबाइलवर मडी वॉटर्सचे ते १९४१ सालचे मळ्यावरचे ध्वनिमुद्रण शोधून काढले. ओसरीवर आम्ही दोघे ऐकत होतो. शेजारची आजी निवडायचे तूप-भाकरीचे धान्य घेऊन पायरीशी बसली होती. उभा जन्म तिने दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. तिने विचारले, "कोण व्हय रे बापू हा?"

"अमेरिकेतला आहे आजी. कापूस वेचणारा होता."

आजीने गाणे संपेपर्यंत सुपातला हात थांबवला. मग म्हणाली, "बरं गाते. अन् मणाले किती देत होते त्याईले?"

नातवाला ते ठाऊक नव्हते. तो मोबाइलवर शोधू लागला.