जागरणाचा चहा आणि कॅफिनचा हिशेब

लातूर/नांदेड (प्रतिनिधी) : फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाची परीक्षा आणि मे महिन्यातील 'नीट' जवळ आली, की लातूरच्या ट्यूशन एरियात व नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर भागांत चहाच्या टपऱ्यांवरील गर्दी वाढते. जागरणाचा सोबती म्हणून चहा, कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक जवळ केले जाते; मात्र त्यातील कॅफिनचा हिशेब क्वचितच ठेवला जातो.

कॅफिन थकवा घालवत नाही, तो केवळ झाकते. मेंदूत दिवसभर साचणारे ॲडेनोसिन हे द्रव्य झोपेची सूचना देते. कॅफिन ती सूचना अडवते. शरीरातील कॅफिन निम्म्यावर येण्यास साधारण पाच तास लागतात. त्यामुळे रात्री दहाचा चहा पहाटेपर्यंत झोप उथळ ठेवतो आणि वाचलेले स्मरणात मुरण्यासाठी तर झोपच आवश्यक असते.

किती कॅफिन?
(१५० मि.लि. कपात)
* चहा : ३० ते ६५ मि.ग्रॅ.
* इन्स्टंट कॉफी : ५० ते ६५ मि.ग्रॅ.
* फिल्टर कॉफी : ८० ते १२० मि.ग्रॅ.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मि.ग्रॅ. सांगितली आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मि.ग्रॅ. हे प्रमाण सुचविले. म्हणजे ५० किलो वजनाच्या अकरावीच्या विद्यार्थ्याला १५० मि.ग्रॅ. पुरे! टपरीवरचा पेला लहान असला, तरी दिवसभरात अनेक पेले झाले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

एनर्जी ड्रिंकमध्ये प्रतिलिटर १४५ ते ३०० मि.ग्रॅ. कॅफिनला परवानगी आहे. ते मुलांसाठी नाही, अशी सूचना डब्यावरच असते. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत केली होती.

अतिसेवनाची लक्षणे
छातीत धडधड, हात थरथरणे, अस्वस्थता, पित्त व निद्रानाश. परीक्षेच्या भीतीचीही लक्षणे हीच असल्याने खरे कारण ध्यानात येत नाही. धडधड थांबत नसल्यास वा चक्कर आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

हे करा
* दुपारनंतर चहा-कॉफी टाळा.
* जेवणाआधी व नंतर तासभर चहा घेऊ नका. त्यातील टॅनिनमुळे लोह शोषले जात नाही.
* सवय एकदम तोडल्यास डोके दुखते. रोज एकेक कप कमी करा.
* गर्भवतींनी दिवसाला २०० मि.ग्रॅ.च्या आत राहावे.