लाल दिव्याची गाडी आणि मागून येणारा सायरन

मंडळी, आधी स्वतःची चूक सांगतो, मग इतिहासाकडं जाऊ.

दोन वर्षांपूर्वी ऐन उसाच्या हंगामात मोटारसायकलवर राणीसावरगावहून गंगाखेडला निघालो होतो. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं मी आणि माझ्या मागं सायरन. मी रस्त्याच्या मधोमध तसाच चाललो. मनात आलं ते एवढंच, आला कुणीतरी पुढारी, थांबेल थोडं! गाडी कशीबशी बाजूनं पुढं गेली तेव्हा काचेतून सलाईनची बाटली वर धरलेला हात दिसला. रुग्णवाहिका होती. आणि आता ती ट्रॅक्टरच्या मागं अडकली.

सायरन ऐकून मला पेशंट न आठवता पुढारी का आठवला, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात आहे.

आपल्या मराठीतच बघा. 'लाल दिव्याची गाडी' म्हटलं की कुणाला अग्निशमनाचा बंब आठवतो का? मंत्रिपद आठवतं. मंत्रिमंडळाचा विस्तार आला की 'यंदा जिल्ह्याला लाल दिवा मिळणार का?' ही बातमी ठरलेली. खोटं कशाला बोलू, असं शीर्षक मीसुद्धा दोन-तीनदा दिलंय. जो दिवा 'बाजूला व्हा, जीव जातोय' असं सांगायला हवा होता, तो 'बाजूला व्हा, साहेब येतायत' असं सांगू लागला. आम्ही पत्रकारांनी त्याला भाषेत पक्कं बसवलं.

याची मुळं कायद्यातही आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीवरच्या दिव्यांचा नियम आहे. त्याचा क्रमांक १०८! (रुग्णवाहिकेचा फोन नंबरही १०८, हा निव्वळ योगायोग.) कोणत्या मान्यवरांना लाल दिवा द्यायचा हे केंद्र आणि राज्य सरकारांनी ठरवायचं होतं. रुग्णवाहिकेसाठी त्याच नियमात जांभळ्या काचेतला लुकलुकणारा लाल दिवा होता. आता धावत्या रस्त्यावर, धुळीत, काच जांभळी की साधी हे कोण बघत बसणार? लाल म्हणजे लाल. मान्यवरांची यादी वाढत गेली आणि यादीत नसलेल्यांनीही दिवे बसवून घेतले.

१० डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात यावर आसूड ओढला. लाल दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांवरच्या व्यक्तींना, आणि रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांना निळा, पांढरा किंवा बहुरंगी दिवा, असं सांगितलं. निकाल चांगलाच होता. पण गंमत बघा, लाल दिवा मान्यवरांकडंच राहिला आणि रंग बदलायचा होता तो पेशंटच्या गाडीनं. शेवटी केंद्रानं निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनापासून, मंत्र्यांच्याही गाडीवरचे दिवे उतरले.

तसा निळा रंग वाईट नाही. तिन्हीसांजेला शेतातून येणाऱ्या बाईचं लाल लुगडं लांबून काळं दिसतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो, निळा-हिरवा जास्त वेळ टिकतो. जर्मनीत तर १९३८ पासूनच अशा गाड्यांना निळा दिवा आहे.

दिवे उतरले, पण सवय कुठं उतरली? २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवरचा दिवा राज्यभर गाजलाच. आपल्याकडं तर लग्नाच्या वरातीतल्या जीपलासुद्धा हूटर असतो. मग खरी गाडी आली तरी हॉटेलात बसलेला माणूस म्हणतो, "कशाचा पेशंट, रिकामीच पळवायलेत!"

ही शंका महाग पडते. कारण रिकामी रुग्णवाहिकासुद्धा बहुतेक वेळा कुणालातरी आणायलाच निघालेली असते. राज्यात जानेवारी २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रासाठी ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मध्ये जास्त गंभीर रुग्णांची सोय. एवढ्या मोठ्या राज्याला एवढ्याच. आपल्या डोंगराकडच्या गावांतून पेशंट आधी गंगाखेडला आणि तिथं नाही जमलं तर परभणी, नांदेड नाहीतर अंबाजोगाईला न्यावा लागतो. गाडी दवाखान्यात रोग्याला सोडून परत येईपर्यंत पुढचा रोगी वाट बघत असतो.

रुग्णवाहिकेला वाट द्या, हे १९८९ च्या रस्ता नियमांतही होतं. पण मोडलं तर दंड किरकोळ, पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४-ई आलं. दहा हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रानं वाढलेले दंड आधी रोखून धरले होते, ते नंतर लागू झाले. २०१७ च्या नियमांनी तर आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस असा मानाचा क्रमही लावून दिला. २०२१ मध्ये नितीन गडकरी नाशिकला म्हणाले होते की सायरनच्या जागी आकाशवाणीची सुरावट आणू. कानाला बरं वाटेल हो, पण आमच्या ट्रॅक्टरवरच्या साऊंडपुढं ती सुरावट ऐकू कुणाला येणार?

आणि रुग्णवाहिकेच्या पुढं इंग्रजीत उलटी अक्षरं का असतात, हे पोरं मला नेहमी विचारतात. पुढच्या ड्रायव्हरला आरशात ती सुलटी दिसावीत म्हणून. म्हणजे सगळी व्यवस्था गाडीला आरसा आहे, असं धरून चाललेली.

त्या दिवशी मी मोटारसायकल साइडपट्टीवरून काढली, ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन हात हलवला. गाणं जोरात लागलं होतं. मला बघितल्याबरोबर त्या पोरानं ट्रॅक्टर पार खाली, शेताच्या कडेला घेतला. रुग्णवाहिका गेली. मी तावातावानं म्हणालो, "अरे, सायरन ऐकू येत नाही का? आरसा कुठंय तुझा?"

तो म्हणाला, "दादा, मागं दोन ट्रॉल्या ऊस. आरसा असला तरी मला काय दिसणार हाय? कुणीतरी पुढं येऊन सांगाव लागतं." मग त्यानं माझ्या गाडीकडं बघितलं. आरसे माझ्याही गाडीला नव्हते. दिसायला बरी दिसत नाही म्हणून मीच काढून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी बसवून घेतले.