सरंजाम : एका शब्दाची सीमा

सिल्वासाहून शनिवारी सकाळी निघावे, दक्षिणेकडील खानवेलच्या डोंगराळ मुलखात मुक्काम करावा आणि रविवारी सायंकाळी परतावे, असा दोन दिवसांचा प्रवास पुष्कळ जण करतात. दमणगंगेचे खोरे मागे पडते, सागाचे रान दाट होते, वारल्यांचे पाडे दिसू लागतात आणि दुधनीपाशी मधुबन धरणाचे पाणी डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेले आढळते. पलीकडे कोठे गुजरात, कोठे महाराष्ट्र. आज ही निव्वळ प्रांताप्रांतांतील हद्द आहे. १९५४ पर्यंत मात्र ती दोन राष्ट्रांमधील सीमा होती. त्या वेळी अशा प्रवासास निघालेला मनुष्य पोर्तुगालच्या सत्तेखालील भूमीवरून चालला असता.

ही सीमा निसर्गाने आखलेली नव्हती. एकच डोंगर, एकच रान आणि एकाच बोलीचे वारली तिच्या दोन्ही अंगांस होते. ती निर्माण झाली पुण्याच्या दरबारातून निघालेल्या कागदांमधून. आणि पुढे त्याच कागदांतील एका मराठी शब्दाचा अर्थ युरोपातील हेग नगरीत न्यायाधीशांना लावावा लागला. भाषेच्या अभ्यासकांनी हे प्रकरण मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे.

१७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. पेशवेपदी सवाई माधवराव हे पाच वर्षांचे बालक होते. कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. इंग्रजांशी युद्ध चालू असल्याने पोर्तुगीजांचे सख्य पुण्याला हवे होते. तहाच्या सतराव्या कलमान्वये दमणलगतच्या प्रदेशातील बारा हजार रुपये वार्षिक वसुलाची गावे त्यांना द्यावयाची ठरली. त्याप्रमाणे १७८३ व १७८५ साली सनदा निघाल्या आणि नगरहवेली व दादरा येथील गावे पोर्तुगीजांकडे गेली.

प्रश्न असा की, काय दिले गेले? भूमी की वसूल? सनदांत जहागीर, सरंजाम असे शब्द आहेत. मराठी राज्यव्यवहारात या शब्दांना निश्चित अर्थ होता. सरंजाम म्हणजे सेवेसाठी वा सख्यासाठी लावून दिलेले उत्पन्न. सरंजामदाराने वसूल खावा; पण त्यामुळे तो त्या मुलखाचा सार्वभौम राजा होत नसे. दिलेला सरंजाम काढूनही घेता येत असे. परंतु १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि ज्यांना हा शब्द दैनंदिन व्यवहारातला होता, ते कारभारी गेले. नवे इंग्रज राज्यकर्ते पोर्तुगीजांना या गावांचे धनीच समजून वागत राहिले. अशा रीतीने वसुलाची नेमणूक हळूहळू राज्य बनली आणि शेतसाऱ्याची हद्द ही राष्ट्राची सीमा झाली.

मात्र या राज्यात एक मोठी उणीव होती. दमणचा किनारा आणि ही गावे यांच्यामध्ये परकी भूमी पडे. दादरा आणि नगरहवेली हेही एकमेकांना लागून नव्हते. शिपाई वा दारूगोळा न्यावयाचा तर शेजाऱ्याच्या अंगणातून न्यावा लागे. १९५४ च्या जुलैत नेमकी हीच उणीव निर्णायक ठरली. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी दादऱ्यावर चाल केली. त्यानंतर नारोळी पडली. २ ऑगस्टला सिल्वासा स्वतंत्र झाले. आझाद गोमंतक दलाबरोबर पुण्या-मुंबईकडील मराठी तरुण या मोहिमेत होते. राजा वाकणकर, नाना काजरेकर आणि संगीतकार सुधीर फडके ही त्यांतील ठळक नावे. मोहिमेच्या खर्चासाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम झाला होता. भारताने पोर्तुगीजांना दमणहून कुमक नेऊ दिली नाही. कप्तान फिदाल्गो सशस्त्र पोलिसांसह खानवेलच्या रानाकडे हटला आणि ११ ऑगस्टला भारतीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला.

पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. तहाच्या व सनदांच्या शब्दांवरून मराठ्यांनी सार्वभौमत्व दिल्याचे सिद्ध होत नाही. दिला तो केवळ जहागिरीचा अथवा सरंजामाचा वसूल, असे न्यायालयाने म्हटले. पावणेदोनशे वर्षांनंतर पुण्याच्या कारकुनाची लेखणी खरी ठरली.

येथे थांबलो तर मात्र आपण स्वतःचीच फसवणूक करू. त्याच निकालपत्रात असेही म्हटले आहे की, पुढे इंग्रजांनी वस्तुतः आणि नंतर भारताने मौनाने पोर्तुगालचे सार्वभौमत्व मानले होते. नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्या जाण्यायेण्याचा पोर्तुगालचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क आठ विरुद्ध सात अशा एका मताने नाकारला गेला. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हा निर्णय नऊ विरुद्ध सहा मतांचा होता. तात्पर्य, शब्दाचा मूळ अर्थ आपल्या बाजूचा होता. परंतु तो जागता ठेवणारे कोणी नसले की दीर्घ वहिवाट त्यावर मात करते.

त्यानंतर ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. तोवर कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही. सनदेत बारा हजारांचा आकडा आहे. तो ज्यांच्या घामातून उभा राहावयाचा, त्या वारली, कोकणा, धोडिया कुळांना देणाऱ्याने विचारले नाही आणि घेणाऱ्यानेही विचारले नाही. खानवेलच्या वाटेवरील पाड्यांत त्यांचेच वंशज राहतात. अध्यापकांनी विद्यार्थ्यांना या दोन दिवसांच्या प्रवासास अवश्य न्यावे. प्रथम ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा, मग डोंगर दाखवावा आणि शेवटी पाड्यावर थांबून विचारावे : हा वसूल भरला कोणी?