नवरीची वेणी आणि चार पियानो

आज गोष्ट सांगायची आहे एका लग्नाची. लग्न रशियातल्या खेड्यातलं, पण ते लागलं पॅरिस शहरातल्या एका नाट्यगृहात, १३ जून १९२३ या दिवशी. या लग्नात नवरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही.

तो बॅले होता. बॅले म्हणजे युरोपातला नाच, राजेरजवाड्यांच्या दरबारात वाढलेला. बायका पुढून कडक केलेले जोडे घालून पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात. नाचणारे सहसा बोलत नाहीत की गात नाहीत. जे सांगायचं ते हातापायांनी, मानेनं आणि पाठीनं. कोणत्या सुराला कोणतं पाऊल पडावं, कोणी कुठं उभं राहावं, हे ठरवतो तो नृत्यदिग्दर्शक. त्या काळी हे काम बहुतेक पुरुषांच्याच हाती असे. या लग्नाचा नाच मात्र एका बाईनं बसवला. त्यांचं नाव ब्रोनिस्लावा निजिन्स्का.

निजिन्स्काबाईंचा जन्म १८९१ सालचा, मिन्स्क शहरातला. आईवडील दोघंही पोलिश नर्तक, कायम फिरतीवर. बाई नाच शिकल्या सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी शाळेत. त्यांचा मोठा भाऊ वात्स्लाव हा तर त्या काळातला सगळ्यात नावाजलेला नर्तक. १९१३ साली त्यानं पॅरिसमध्ये एक गाजलेला बॅले बसवला. त्यातली मुख्य भूमिका बहिणीसाठी होती. पण तालमींच्या काळात बाईंना दिवस गेले आणि भूमिका दुसरीकडे गेली. भाऊ बहिणीवर भयंकर चिडला. पुढे रशियात क्रांती झाली, यादवी माजली. त्या धामधुमीत बाईंनी कीव्ह शहरात नाचाची शाळा काढून चालवली. १९२१ साली म्हातारी आई आणि दोन लहान मुलं बरोबर घेऊन त्यांनी देश सोडला आणि दियागिलेव्ह नावाच्या मालकाच्या नृत्यमंडळीत त्या काम करू लागल्या.

आता गाण्याकडे येऊ. संगीत होतं स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराचं. किरेयेव्हस्की नावाच्या गृहस्थानं त्याच्या कितीतरी आधी खेड्यापाड्यांतून लोकगीतं गोळा केली होती. त्यांतल्या लग्नगीतांचे शब्द निवडून स्ट्राविन्स्कीनं त्यांना नव्या चाली दिल्या. चाली १९१७ सालीच बांधून झाल्या, पण वाद्यं कोणती घ्यायची हे काही ठरेना. आधी मोठा वाद्यवृंद धरला, मग तो सोडून वेगळीच जुळणी करून पाहिली. शेवटी उरले चार पियानो, ढोल-घंटांसारखी ठोक्याची वाद्यं, चार मुख्य गायक आणि मोठा कोरस. एकही व्हायोलिन नाही. बॅलेचं नाव ‘ले नोस’, म्हणजे ‘लग्न’.

पूर्वी बॅलेची रीत उलटी होती. नृत्यदिग्दर्शक संगीतकाराला सांगायचा, इथं मला एवढ्या मात्रा हव्यात, इथं चाल संथ हवी. त्या मापानं संगीत शिवलं जायचं. इथं गाणं आधीच तयार होतं आणि नाच त्यातून शोधायचा होता. शिवाय गाणं शब्दांचं होतं. शब्द असले की सोपी वाट दिसते. गाण्यात ‘रडली’ आलं की डोळे पुसायचे, ‘हसली’ आलं की हसायचं. पण या गाण्यात नवरीचं म्हणणं एकाच गायिकेच्या तोंडी नाही. ते कधी एकीच्या गळ्यातून येतं, कधी दुसऱ्याच्या, कधी साऱ्या कोरसच्या. गाणारे वेगळे, नाचणारे वेगळे. म्हणजे नवरीच्या मनातलं सगळं गाव बोलतं, एकटी नवरीच बोलत नाही.

बाईंनी नाच यावरच उभा केला. त्यांनी शब्दांची नक्कल केली नाही, शब्दांखालचा ठोका धरला. या संगीतात मात्रा सारख्या बदलतात. नाचणाऱ्यांनी मनात मोजत राहिलं नाही तर पाऊल चुकतंच. मोठी एकटीदुकटी भूमिका कोणालाच नाही, सारा नाच घोळक्याचा. सगळे सारखे, सगळ्यांचे चेहरे कोरे.

कपड्यांवरूनही खटका उडाला. चित्रकार गोंचारोव्हाबाईंनी आधी रंगीबेरंगी, थाटामाटाचे पोशाख काढले होते. निजिन्स्काबाईंना ते पटले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की या लग्नात पोरीला कोणी विचारलेलं नाही. आईबापांनी ठरवलं आणि ती निघाली. त्यात कसली झगमग? मालकानं त्यांच्याकडून कामच काढून घेतलं. सुमारे वर्षभरानं तोच परत आला आणि बाईंच्या मनासारखं झालं. बायकापुरुषांना नुसते तपकिरी नि पांढरे साधे कपडे. गोंचारोव्हाबाईंनीच ते नव्यानं काढून दिले.

पहिला प्रवेश आहे वेणीचा. रशियन खेड्यात कुमारिकेची वेणी एक असे. लग्नात ती सोडून दोन वेण्या घालत आणि त्या डोक्याच्या वस्त्राखाली झाकून टाकत. रंगमंचावर नवरीच्या वेण्या दोरखंडासारख्या लांबच लांब आहेत आणि त्या मैत्रिणींनी हातात धरल्या आहेत. मैत्रिणींची पावलं टोकावरून जमिनीत टोचल्यासारखी पडतात. मग त्या एकीच्या डोक्यावर एक डोकं टेकवून चेहऱ्यांचा मनोरा रचतात आणि सगळ्यांत वर नवरीचा चेहरा येतो. पुढच्या प्रवेशात नवऱ्याचं घर. त्याचेही सोबती असेच घट्ट उभे, कारण त्यालाही कोणी विचारलेलं नाही. तिसऱ्या प्रवेशात पाठवणी. त्या गाण्याच्या शेवटी फक्त आया विलाप करतात, नवरीचीही आणि नवऱ्याचीही. चौथ्यात जेवणावळ. पाहुणे पुढे धुमाकूळ नाचतात आणि नवरानवरी मागच्या चौथऱ्यावर गुमान बसून असतात. शेवटी ती दोघं दारातून आत जातात आणि घंटेसारखे ठोके एकेक करत विरतात. सगळा खेळ जेमतेम पंचवीस मिनिटांचा.

त्यानंतर बाईंनी पुष्कळ बॅले बसवले, तरी त्यांचं नाव बरीच वर्षं भावाच्या नावाखाली झाकलेलं राहिलं. १९६६ साली लंडनच्या रॉयल बॅलेनं त्यांना बोलावलं. तिथला प्रमुख फ्रेडरिक ॲश्टन तरुणपणी त्यांच्या हाताखाली नाचला होता. पंचाहत्तर वर्षांच्या बाईंनी ‘ले नोस’ पुन्हा बसवला आणि तो आजही होतो. १९७२ साली अमेरिकेत त्यांचं निधन झालं.

मैत्रिणींनो, लग्नाची गाणी आपल्याकडेही आहेत. हळदीची, घाण्याची, पाठवणीची. आपण ती हसत गातो, तरी ऐकणारीचे डोळे भरतात. त्या गाण्यांत नवरीच्या मनातलं सगळं असतं, पण ते म्हणतात आजूबाजूच्या बायका. निजिन्स्काबाईंनी तेच ओळखलं. गाणं कितीही मोठ्यानं वाजो, त्यांनी नजर ठेवली मधल्या गप्प पोरीवर.

पुढच्या बैठकीत एवढं करून पाहा. प्रत्येकीनं आपल्या लग्नात म्हटलेलं एक गाणं आठवून म्हणावं आणि मग सांगावं, ते गाणं चाललं होतं तेव्हा आपल्या मनात काय होतं. नीट ऐका एकमेकींचं. लिहून ठेवता आलं तर लिहून ठेवा.