हातिमताईची मुशाफिरी आणि मराठी कादंबरी

मराठी कादंबरीचा इतिहास बहुधा बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पासून सांगितला जातो. पुढे हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आणि मग हरिभाऊ आपटे. मधल्या कादंबऱ्यांवर ‘अद्भुतरम्य’ असा शिक्का मारून अभ्यासक पुढे जातात. ही अद्भुताची गोडी मराठी वाचकाला संस्कृत कथांनी लावली, तशीच फार्सी-उर्दू किश्श्यांनीही लावली. त्यांतला सर्वांत लाडका किस्सा हातिमताईचा.

मूळचा हातिम हा इस्लामपूर्व अरबस्तानातील तय कबिल्याचा सरदार आणि शायर. सखावत, म्हणजे दानशूरपणा, ही त्याची ओळख. त्याचा मुलगा अदी पुढे पैगंबरांचा (स.) सहाबी झाला. हातिमची मुलगी कैदी म्हणून मदिनेत आली, तेव्हा तिच्या वडिलांचे गुण ऐकून पैगंबरांनी (स.) तिला सन्मानाने सोडले, अशी रिवायत आहे. शेख सादींनी ‘बोस्तान’मध्ये हातिमच्या उदारपणाच्या हकिकती सांगितल्या. फार्सी किस्सेकारांनी त्याला यमनचा शहजादा करून जंगलात, वाळवंटात आणि परीस्तानात पाठवले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदर बख्श हैदरी यांनी १८०१-०२ च्या सुमारास हा किस्सा ‘आराइश-ए-महफिल’ नावाने उर्दूत आणला. १८३० मध्ये डंकन फोर्ब्स यांनी फार्सीवरून त्याचे इंग्रजी भाषांतर केले. एकोणिसाव्या शतकातच हातिमताई मराठीतही आला आणि घरोघरी वाचला गेला.

कथेचा सांगाडा साधा आहे. हुस्नबानूने सात सवाल घातले आहेत. ते सोडवील त्याच्याशी ती निकाह करील. तिच्यावर आशिक आहे मुनीर शामी. पण त्याची हिंमत खचली आहे. त्याचे अश्रू पाहून हातिम कमर बांधतो. प्रत्येक सवालासाठी एक सफर. कोह-ए-निदा या डोंगरातून हाक येते; ज्याला ती येते तो सगेसोयरे सोडून चालू लागतो आणि परत येत नाही. हातिम त्या हाकेचा शोध घेतो. शेवटी निकाह मुनीरचा होतो आणि हातिम आपल्या वाटेने जातो.

इथेच हा किस्सा युरोपच्या साहसकथेपासून वेगळा होतो. हॅगार्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ (१८८५) मधील इंग्रज हरवलेल्या भावाच्या शोधात आफ्रिकेच्या अनोळखी मुलखात शिरतात खरे, पण परतताना त्यांच्या खिशात हिरे असतात. हातिम दुसऱ्याच्या गरजेसाठी रानात शिरतो आणि जे आणतो तेही दुसऱ्याच्या हवाली करतो. पहिल्याच सफरीत हरणीला वाचवण्यासाठी तो लांडग्याला आपल्या मांडीचे मांस कापून देतो. कबुतरासाठी ससाण्याला स्वतःचे मांस देणारा शिबी राजा ज्या मराठी श्रोत्याने कीर्तनात ऐकला होता, त्याला हा हातिम परका कसा वाटावा? धर्म, भाषा, मुलूख सारे वेगळे; पण नेकीची कसोटी एकच.

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबार, कचेरी आणि शिक्षणाची भाषा उर्दू. त्यामुळे त्या पिढीतले शिकलेले मराठी हिंदू उर्दू सहज वाचत, आणि मुसलमान घराबाहेर पडला की बाजारात, शेतात मराठी बोले. अशा मुलखात किस्से एका भाषेतून दुसरीत जायला भाषांतरकाराची वाट पाहत नाहीत. नंतर माध्यमांच्या भिंती उभ्या राहिल्या. आज उर्दू शाळेतल्या मुलाला ‘मुक्तामाला’ माहीत नाही आणि मराठी शाळेतल्या मुलाला हैदरी माहीत नाहीत. दोघांनाही हातिम ठाऊक असला तर तो सिनेमा किंवा टीव्हीमुळे.

मराठी साहित्यात मुसलमानांचे योगदान म्हटले की आपण शेख महंमदांपासून शाहिरांपर्यंत येतो आणि थांबतो. कादंबरीच्या जडणघडणीत उर्दू किश्श्यांचा वाटा किती, हे मोजण्याचे काम दोन्ही लिप्या वाचणाऱ्यांनाच करता येईल. मराठवाड्यातील उर्दू शिक्षकांकडे ती किल्ली आहे. १८०१ चा हैदरी आणि १८६१ चे हळबे एका टेबलावर शेजारी ठेवून वाचायला आपण सुरुवात केली पाहिजे.