व्हायटम वनातील बॅजर

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या वायव्येला असलेल्या व्हायटम वुड्स या वनातील युरोपीय बॅजरांचा (मेलीस मेलीस) समुदाय. महाराष्ट्रात आढळणारे चांदी अस्वल याच कुळातले, पण त्याचा वंश वेगळा. हे वन १९४०च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे आले. हान्स क्रूक यांनी १९७०च्या दशकात येथील बॅजरांच्या समूहजीवनाचा अभ्यास केला. डेव्हिड मॅक्डोनाल्ड, ख्रिस न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून येथे एकेका प्राण्याची नोंद ठेवली.

पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. बिळांपाशी पिंजरे लावून आत शेंगदाण्यांचे आमिष ठेवतात. सकाळी सापडलेल्या प्राण्याला भुलीचे इंजेक्शन देतात, त्याचे वजन करतात आणि दातांची झीज पाहून वयाचा अंदाज बांधतात. पहिल्यांदाच सापडलेल्या प्राण्याच्या जांघेत क्रमांक गोंदला जातो. त्याच दिवशी त्याला पकडलेल्या बिळापाशीच सोडतात. पिल्ले अंगावर पीत असतात त्या दिवसांत पिंजरे लावत नाहीत.

१९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत येथील प्रौढांची संख्या दुपटीहून अधिक झाली. पुढे चौरस किलोमीटरला ४०च्या घरातली घनता नोंदली गेली. बॅजरांची इतकी दाटी जगात क्वचितच आढळते. वाढीचे मुख्य कारण म्हणून सौम्य हिवाळे पुढे येतात. बॅजरांचे मुख्य अन्न म्हणजे गांडुळे, आणि ती उबदार, ओलसर रात्री जमिनीवर येतात. वसंत कोरडा गेला की ती खोल जातात आणि त्याचा फटका आधी पिल्लांना बसतो. पिल्ले फेब्रुवारीच्या सुमारास जन्मतात; कोवळ्या वयात आतड्यातील परजीवींचा संसर्ग होतो, आणि त्यात उपासमारीची भर पडली की पुष्कळ दगावतात. प्रौढ मात्र अशा वर्षातूनही बहुधा तरून जातात. म्हणून एका वाईट हंगामाचा परिणाम एकूण आकड्यात लगेच दिसत नाही. तो कळायला प्रत्येक वर्षाच्या पिल्लांचा हिशेब पुढे अनेक वर्षे ठेवावा लागतो. या नोंदींचे खरे मोल इथे आहे.

पितृत्वाच्या जनुकीय तपासणीत जवळपास निम्म्या पिल्लांचे बाप त्यांच्या गटाबाहेरचे, बहुतेक शेजारच्या गटांतले निघाले. त्यामुळे गटांच्या हद्दी कडेकोट असतात, ही जुनी समजूत सैल झाली.

ब्रिटनमध्ये बॅजरांना कायद्याचे संरक्षण आहे. १९९२च्या कायद्यात त्यांच्या बिळांचेही संरक्षण आहे. तरीही गुरांमधील क्षयरोग रोखण्यासाठी २०१३ पासून इंग्लंडमध्ये परवान्याने दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. बॅजरांची देशव्यापी पाहणी एकेका प्राण्याऐवजी बिळांच्या मोजणीवर चालते. तिच्यानुसार १९८५–८८ ते २०११–१३ या काळात इंग्लंडमधील बॅजरांचे सामाजिक गट सुमारे दुपटीने वाढले. व्हायटमची घनता अपवादात्मक असल्याने तिच्यावरून इतर भागांतील संख्या काढणे चुकीचे ठरते.